अकरा रुई आणि एक पाहुणी

मी इंदूरला पोहे खायला गेले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. परत आल्यापासून जो भेटतो तो पहिलं तेच विचारतो, "मग, पोहे-जिलबी?" खाल्ली बाबा, खाल्ली. चार दिवसांत तीनदा खाल्ली. पण ज्या कामाला गेले होते त्याचं कुणी नाव काढत नाही, म्हणून लिहायला बसले. चौतीस वर्षं कराडला विज्ञान शिकवलं, त्यामुळे न विचारलेलं सांगायची खोड आहेच.

काम असं. निवृत्त झाल्यावर घरी बसवेना, म्हणून इथल्या पाच-सहा मुलांना घेऊन मी 'शनिवारची मोजणी' सुरू केली. रुईच्या पानांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या, पिवळ्या ठिपक्यांच्या अळ्या असतात. त्यांचीच पुढे ती केशरी फुलपाखरं होतात. दर शनिवारी ठरलेल्या झुडपांपाशी जायचं, अळ्या मोजायच्या आणि तक्त्यात भरायच्या. एवढंच. शास्त्रज्ञ लोक गल्लोगल्ली कुठे पोचणार? मुलं मात्र आपल्या शाळेमागे रोज जाऊ शकतात. एका शनिवारच्या मोजणीला काडीची किंमत नसते, पण वर्षभर न चुकता मोजलं की त्या झुडपाचं आणि अळीचं काय चाललंय ते हळूहळू कळायला लागतं.

माझी जुनी विद्यार्थिनी स्वाती नवऱ्याच्या नोकरीमुळे इंदूरला गेली आणि तिथल्या एका शाळेत विज्ञान शिकवायला लागली. तिने आपल्या मुलांनाही ही मोजणी लावून दिली. त्यांचा पहिला तास मी कराडात बसून व्हिडिओवर घेतला होता. त्यात मी माझं नेहमीचं वाक्य ठणकावून म्हटलं होतं, "दिसलं ते लिहायचं. काही नाही दिसलं तर शून्य लिहायचं. मनातलं लिहायचं नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते माझ्याच अंगावर आलं.

नोव्हेंबरात स्वातीचा फोन आला. "बाई, तुम्ही या. आमची रुई जाणार आहे."

सुदामा नगर, शुक्रवार

रात्रभर बसमध्ये अंग आंबलं होतं. सुदामा नगरात स्वातीचं घर दुसऱ्या मजल्यावर. तिचा नवरा निखिल पलासियाला ऑफिसात जायच्या घाईत होता, तरी माझी बॅग वर घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, ट्रॅफिक लागायच्या आत पळतो." मी हातपाय धुते न धुते तोच स्वातीने पोहे समोर ठेवले. आपल्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू. इथे वाफेवर ठेवलेले मऊसूत पोहे, वर मूठभर शेव, कांदा आणि जीरावन नावाचा एक आंबटतिखट मसाला. शेजारी गरम जिलबी. सकाळच्या पारी तिखटाला गोडाची जोड कसली, असं मी म्हणणार होते. स्वाती म्हणाली, "बाई, आधी खा, मग रागवा." खाल्लं आणि गप्प बसले.

त्यानंतर लगेच माझी फजिती झाली. खालून कचरागाडीचं गाणं ऐकू आलं आणि अख्खी इमारत बादल्या घेऊन जिन्यावरून धावायला लागली. स्वातीच्या हातात दोन होत्या, तिसरी मी उचलली. गाडीवरच्या बाईने माझी बादली बघितली, आत हात घालून बिस्किटाचा कागद बाहेर काढला आणि दोन बोटांत धरून मला दाखवला. "मैडमजी, गीले में सूखा?" तो कागद माझाच होता. चौतीस वर्षं मी पोरांना ओला कचरा आणि सुका कचरा घोकवला, आणि इंदुरात पाय ठेवून तास झाला नाही तो नापास झाले! शेजारणी हसल्या नाहीत, हे आणखी वाईट. त्यांनी मला समजून घेतलं.

खरं सांगायचं तर शहर बघून मी चाट पडले. रस्त्याला कागदाचा कपटा नाही. पानाच्या टपरीवर एक माणूस सुपारीचं रिकामं पाकीट घडी घालून खिशात ठेवताना मी स्वतः पाहिला. आमच्या कराडात असा माणूस दिसला तर लोक त्याला डॉक्टरकडे नेतील. इथल्या लोकांना या गोष्टीचा मनापासून अभिमान आहे, आणि तो असावाच. मी दिवसभर नुसती वाहवा करत होते. त्या वाहवेची मला दुसऱ्या दिवशी चांगलीच शिक्षा मिळाली.

संध्याकाळी रेवा आली. आठवीतली मुलगी, दोन गल्ल्या पलीकडे राहणारी. तिचे पूर्वज कधीकाळी होळकरांच्या फौजेबरोबर इकडे आले आणि इकडचेच झाले. दोन वेण्या, नाकावर घसरणारा चष्मा आणि छातीशी धरलेली जाड पुठ्ठ्याची वही.

"नमस्ते बाईजी. मी रेवा. तुमचा तो व्हिडिओ मी तीन दफे पाहिला आहे."

आयुष्यात मला कुणी बाईजी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्याची सवय झाली आणि तिसऱ्या दिवशी ते आवडायला लागलं.

"किती शनिवार मोजलंस गं?"

"सगळे. चौदा महिने झाले, एक पण मिस नाही केला. बुखार होता तेव्हा पण गेली होती, पप्पांच्या गाडीवर बसून. मोजलं आणि वापस येऊन झोपली."

वही उघडली. अकरा झुडपं, प्रत्येकाला नंबर, त्यापुढे अळ्यांची संख्या आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. तक्त्यात शेरा मीच ठेवला होता, पण मुलं तो सहसा कोरा सोडतात. रेवाने एकही कोरा सोडला नव्हता. 'आज ७ नंबरवर मुंगळे.' 'गणिताचा पेपर होता, जल्दी मोजलं पण पूरा मोजलं.' 'रमेश भियांनी इकडे झाडू नाही मारली, त्यांना थँक यू बोलली.' मी चष्मा पुसायच्या निमित्ताने जरा थांबले. असा विद्यार्थी चौतीस वर्षांत दोनदाच मिळाला होता, आणि त्यातली एक स्वाती.

आता अडचण काय होती ते सांगते. शाळा अन्नपूर्णा भागात. शाळेच्या मागे भिंतीलगत एक कोपरा आहे, तिथे ही अकरा झुडपं आपोआप उगवलेली. संस्थेच्या मंडळींना तो कोपरा डोळ्यांत खुपायचा. सगळी शाळा चकचकीत आणि मागे हे रान! शिवाय रुईचा चीक डोळ्यात गेला तर पोरांना इजा होते, तेही खोटं नाही. म्हणून तिथे पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरत आलं होतं. सोमवारी संस्थेची सभा होती. तिथे रेवा चौदा महिन्यांची मोजणी मांडून कोपरा मागणार होती आणि मी बाहेरची जाणकार म्हणून तिच्या बाजूने बोलणार होते. त्याआधी शनिवारी शेवटची मोजणी माझ्यादेखत व्हायची होती.

"गेल्या शनिवारी किती होत्या?"

"चोवीस! आजपर्यंतच्या सगळ्यात जास्त. उद्या अजून वाढतील, पक्का." जाताना ती जिन्यातून परत वर आली. "बाईजी, कोपरा वाचेल ना?"

"न वाचायला काय झालं? मी आलेय ना," मी म्हणाले. माझा फाजील आत्मविश्वास, दुसरं काय!

शाळेच्या मागे, शनिवार

मुलं कशी मोजतात ते आधी सांगते, कारण मला ते फार आवडलं. चीक लागू नये म्हणून रेवाने नियम काढलाय : दोन्ही हात मागे बांधायचे आणि फक्त डोळ्यांनी मोजायचं. वाकून, माना तिरक्या करून, हात मागे बांधलेली आठ मुलं रांगेत चालली की शाळेची तपासणी करायला बारके साहेब आल्यासारखे दिसतात.

त्या दिवशीही मुलं हात मागे बांधूनच इमारतीला वळसा घालून मागे गेली. पुढची मुलं एकदम थांबली आणि मागची त्यांच्यावर आदळली.

कोपरा स्वच्छ होता. स्वच्छ म्हणजे किती? मातीवर पाणी शिंपडलेलं, भिंतीच्या कडेने चुन्याची सरळ रेघ, मधोमध रांगोळीचं कमळ आणि त्यावर हिंदीत 'सुस्वागतम्'. अकरापैकी एक झुडूप नाही. प्रत्येक झुडपापाशी नंबर रंगवलेली एकेक वीट असायची. त्या अकरा विटा धुऊन पुसून भिंतीला ओळीने टेकवून ठेवल्या होत्या.

रांगोळीपाशी रमेश भिया उभे होते; इंदुरात भैयाला भिया म्हणतात. शाळेची देखभाल तेच बघतात, पन्नाशीचा माणूस, गळ्यात धुतलेला गमछा. चेहरा आनंदाने फुललेला.

"आइए मैडमजी! देखिए, एकदम चकाचक. कल शाम को अकेले ने किया. एक पत्ता नहीं छोड़ा."

मीच विचारलं, "लेकिन क्यों, भिया?" माझं हिंदी तेवढंच.

"क्यों मतलब? आप महाराष्ट्र से आ रही थीं. मेहमान को ये जंगल दिखाते क्या? इंदौर की इज्जत का सवाल है."

कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. चौदा महिने मुलांनी विनवलं म्हणून या माणसाने मन मारून तिथे झाडू लावला नव्हता. पण पाहुणी येणार म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावात पाहुण्याला हार घातला असता, फार तर चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली असती. इथे माझ्या स्वागताला जमीन लख्ख केली.

मला एक आशा वाटली. "तोडलेल्या फांद्या कुठे आहेत? ढिगात बघू, अळ्या अजून असतील."

"फांद्या?" रमेश भियांना प्रश्नच कळेना. "वो तो सुबह गाड़ी में गई. गीले कचरे में." वर अभिमानाने म्हणाले, "अलग करके दी."

मी कपाळाला हात लावला. आमच्या कराडात तो ढीग आठवडाभर तिथेच पडला असता. त्यावर दोन शेळ्या चरल्या असत्या, पण निम्म्या अळ्या तरी वेचता आल्या असत्या. जन्मभर ज्या आळसावर मी तोंडसुख घेतलं त्याला त्या सकाळी हात जोडावेसे वाटले.

रेवा रडली नाही. ती भिंतीपाशी गेली, एकेक वीट उचलली आणि जमिनीलगत कापलेल्या बुंध्यांपाशी नेऊन ठेवायला लागली. कुठला बुंधा किती नंबरचा हे तिला पाठ होतं. रांगोळीवर पाय पडू नये म्हणून प्रत्येक वेळी ती वळसा घालून जात होती. रमेश भियांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं.

आम्ही स्टाफरूममध्ये येऊन बसलो. स्वातीचे डोळे भरले होते. "बाई, सोमवारी काय दाखवू? गेल्या शनिवारचा आकडा टाकला तर? चोवीस."

आणि मी म्हणाले, "टाक."

हो, मीच म्हणाले. वर कारणही दिलं. काल संध्याकाळपर्यंत चोवीस होत्याच की. अळ्या आपणहून थोड्याच गेल्या? शून्य दाखवलं तर संस्थेची मंडळी म्हणतील, इथे काहीच नाही, बसवा पेव्हर ब्लॉक. एका आकड्यापायी चौदा महिन्यांची मेहनत पाण्यात घालवायची का? बोलता बोलता माझं मलाच पटत चाललं होतं.

रेवा दारात उभी होती. तिने वही टेबलावर ठेवली. पेनाने अकरा वेळा शून्य लिहिलेलं होतं. खाली बेरीज, तीही शून्य. शेऱ्याच्या रकान्यात : 'पाहुणे आले म्हणून साफसफाई झाली.'

"बाईजी, चोवीस तर नाही आहेत ना," ती हळूच म्हणाली. "तुम्हीच तर बोलल्या होत्या, मनातलं लिहायचं नाही."

तोंडात मारल्यासारखं झालं. एखाद्या पोराने उलट उत्तर दिलं तर माझ्या अंगाचा तिळपापड होतो, हे कराडात कुणालाही विचारा. पण हे उलट उत्तर नव्हतंच, माझंच वाक्य होतं. मला लाज वाटली.

अन्नपूर्णेच्या पलीकडे, रविवार

दुपारी बेल वाजली. दारात रमेश भिया, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी जपून रुईची एक फांदी बाहेर काढली. पानांवर तीन अळ्या, टपोऱ्या.

"सुबह से ढूँढ रहा था," ते खाली बघून म्हणाले. "कल वहाँ रख देते हैं, मैडमजी. मीटिंग में किसी को क्या पता चलेगा?"

या माणसाने सुट्टीच्या दिवशी उन्हातान्हात फिरून तीन अळ्या शोधून आणल्या होत्या. त्याचा लबाडपणा माझ्या कालच्या लबाडपणापेक्षा कितीतरी प्रेमळ होता. स्वातीने रेवाला बोलावून घेतलं.

रेवाने आधी अळ्या पाहिल्या. हात मागे बांधून, अर्थात. मग विचारलं, "भिया, कहाँ मिली?"

"अन्नपूर्णा के उधर, खाली प्लॉट में."

"तो ये वहाँ की हैं," ती म्हणाली. "अपनी नहीं हैं." जराही राग नव्हता तिच्या आवाजात. ते ऐकून रमेश भियांनी मान खाली घातली.

मग आम्ही चौघं रिक्षा करून ती फांदी पोचवायला निघालो. निखिल हसून लोटपोट झाला : "लोक रिक्षाने पाहुणे सोडायला जातात, तुम्ही अळ्या सोडायला चाललात!" मांडीवर पिशवी धरून मी बसले होते आणि खड्डा आला की चौघांचीही नजर पिशवीकडे जायची. प्लॉट सापडला. तारेच्या कुंपणामागे रुईची पाच-सहा झुडपं, बाकी गवत. मूळ झुडूप कुठलं ते रमेश भियांना नीट आठवत होतं. फांदी त्याच्या दोन फांद्यांत अडकवली, म्हणजे अळ्या आपापल्या चालत जातील. रेवाने वहीच्या शेवटच्या पानावर जागा टिपून ठेवली : 'नवी जागा. रमेश भियांनी शोधली.' मग ते तिने त्यांना वाचून दाखवलं. दोन दिवसांत पहिल्यांदा तो माणूस हसला.

परतताना त्यांनी आग्रहाने गराडू खायला घातले. गराडू म्हणजे थंडीत मिळणारा कंद. फोडी करून खरपूस तळतात, वर लिंबू आणि तो जीरावन. आपल्या कोनफळाला याची सर नाही, हे कबूल करते. खाताना रमेश भिया एकदम म्हणाले, "मैडमजी, जड़ें वहीं हैं. आज खोदने वाला था, नहीं खोदी. आक है, ऐसे नहीं मरता. काटो तो और आता है."

आक म्हणजे आपली रुईच. हे मला माहीत नव्हतं थोडंच? चौतीस वर्षं मी विज्ञान शिकवलंय. पण चिडण्याच्या आणि लाजण्याच्या नादात माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. मुळं जिवंत होती. सोमवारी पेव्हर ब्लॉकवर शिक्का बसला तर मात्र तीही जाणार होती. रेवा खायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली.

सभा, सोमवार

संस्थेचे अध्यक्ष भाऊसाहेब, सत्तरीचे, जुन्या दरबारी घराण्यातले. कडक इस्त्रीचा सदरा आणि तशीच कडक मुद्रा. त्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी चार जण. रेवाने भिंतीवर मोठा कागद लावला होता, चौदा महिन्यांची चढउताराची रेघ. पावसाळ्यात थोडी खाली, मग वर, वर, चोवीस. आणि तिथून कड्यावरून उडी मारावी तशी सरळ शून्यावर.

भाऊसाहेबांनी काठीचं टोक त्या शून्यावर ठेवलं. "अन् हे आखिरी वालं काय झालं?"

रेवा म्हणाली, "बाईजी आल्या."

सगळे हसले. मीही हसले असते, पण मला हसू येईना. ठरल्याप्रमाणे मी जाणकार म्हणून फुलपाखरांवर दहा मिनिटं बोलायचं होतं. चार कागद लिहून नेले होते, ते पर्समध्येच ठेवले आणि उठले.

"मी आले म्हणून तुमच्या माणसाने प्रेमाने कोपरा साफ केला," मी म्हणाले. "त्याचा दोष नाही. दोष माझा आहे, आणि तो वेगळा आहे. शनिवारी मी या मुलीला शून्याऐवजी चोवीस लिहायला सांगितलं. मी निवृत्त शिक्षिका. तिने माझं ऐकलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका हवं तर, पण या वहीत जे लिहिलंय ते सगळं खरं आहे. कारण खोटं लिहायची संधी, आणि तीही बाईंच्या परवानगीने, मिळाली असताना तिने लिहिलं नाही."

स्वाती खाली बघत होती. हसणं केव्हाच थांबलं होतं.

भाऊसाहेबांनी वही मागवली. पानं उलटत राहिले, शेरे वाचत राहिले. एकदा 'थँक यू बोलली' वाचून दाराशी उभ्या असलेल्या रमेश भियांकडे पाहिलं. मग म्हणाले, "चीक डोळ्यात गेला तर जिम्मेदारी कुणाची?"

रेवाने हात मागे बांधले आणि मान वाकवून भिंतीवरचा कागद मोजत मोजत चालून दाखवलं.

"हूं," भाऊसाहेब म्हणाले. "आपण रोज साफ करतो, भिया. अच्छा करतो. पण काय साफ झालं, हे आजवर कुणी मला लिहून नव्हतं दाखवलं." मग आवाज पुन्हा कडक झाला. "मार्च संपेपर्यंत काम रोकतो. तोपर्यंत इल्ली, म्हणजे तुमची ती अळी, आली तर कोपरा मुलांचा. नाही आली तर ब्लॉक बसणार, अन् मग रडायचं नाही."

"नाही रडणार," रेवा म्हणाली. "पण शून्य असेल तर शून्यच लिहीन."

"ते दिसलं मला," भाऊसाहेब म्हणाले, आणि वही तिला दोन्ही हातांनी परत दिली.

कराड

घरी आले तर आमच्या ह्यांनी बॅग उचकून पाहिली. शेवेचं एकच पाकीट निघालं, तेही स्वातीने कोंबलेलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "लोक इंदुरातून शेव आणतात, तू शून्य आणलंस."

चेष्टा खरी ठरली. स्वातीने आता त्यांची मोजणीही आमच्या मोबाईलवरच्या तक्त्यात भरायला सुरुवात केली होती. दर शनिवारी दुपारी मी तो उघडायचे आणि इंदूरच्या ओळीत अकरा शून्यं ओळीने बसलेली असायची. डिसेंबर असाच गेला. मी स्वातीला फोन करायचं टाळत होते, काय विचारणार? रात्री अंथरुणावर पडलं की वाटायचं, त्या पोरीचा कोपरा माझ्या पाहुणचारापायी गेला.

शेरे मात्र येत होते. 'थंडी जास्त आहे. काही नाही.' 'रमेश भिया रोज पाणी घालतात. मना केलं, ऐकत नाहीत.' जानेवारीत : '५ नंबरला कोंब आला. दोन पानं.' मग : 'सगळ्या अकरांना कोंब. रमेश भिया पण आता हात मागे बांधून येतात.' पानं आली, पण अळ्यांचा रकाना शून्यच. मार्च जवळ येत होता आणि मी देवाला नव्हे, पण फुलपाखरांना मनातल्या मनात विनवायला लागले होते. विज्ञानाच्या बाईने असं करू नये, पण केलं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मी भाजी चिरत होते. स्वातीचा फोन. पलीकडून नुसती रडत होती, आणि मला कळेना की हे कुठलं रडणं आहे. शेवटी म्हणाली, "बाई, तक्ता उघडा. भाऊसाहेब पण बघून गेले. कोपरा मुलांना दिला, ब्लॉक सायकल-स्टँडकडे नेले."

ओल्या हातानेच उघडला. नऊ झुडपांपुढे शून्य. पाच नंबरला दोन. नऊ नंबरला एक. एकूण तीन.

आणि शेऱ्याच्या रकान्यात रेवाने लिहिलं होतं : 'या दिवसांत पाहुणे कोणी आले नाहीत.'

पुढच्या नोव्हेंबरात मी इंदूरला पुन्हा जाणार आहे. या वेळी कुणालाही न कळवता.